शिवणीत दाबलेलं कापड

मित्रांनो, रायपूरच्या एका कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, दुकानात पालथा पडलेला मी एक जुना सर्व्हर आहे. कधीकाळी मला हात लावायलासुद्धा माणसं हातमोजे घालत, हे आज सांगितलं तर तुम्ही हसाल.

शंकर नगरातल्या भार्गव भैयांच्या ऑफिसात मी आलो, तेव्हा त्यांनी मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि "हा आपला घोडा!" म्हणून पाठ थोपटली. लोकांच्या वेबसाइटी माझ्या पोटात राहायच्या. कुणी मोबाईलवर एखादं पान उघडलं की ते मी तिथवर पोचवायचो. पान जड आणि पाहणारे पुष्कळ, की ओझं जास्त. कोणाचं किती ओझं महिन्याला वाहायचं, ते आधीच ठरलेलं असे. त्याला बँडविड्थ म्हणतात. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्याला भैयांनी भरभरून दिली होती. त्याचं पान मालकाशिवाय कोणी पाहत नसे.

एकदा मोनाली आली, कडेवर आपली लहानगी पोट्टी घेऊन. ती लहान मुलांचे कपडे शिवायची आणि ते विकायला तिला वेबसाइट हवी होती. पोट्टीच्या अंगात फ्रॉक नव्हता, तंबूच होता.

"दीदी, माप चुकलं वाटते!" भैया हसले.

"वाढत्या अंगाची आहे ना, भैया. शिवणीत कापड दाबून ठेवलं आहे. उसवलं की पुढच्या साली पण होते."

जाता जाता ती ऑफिसातल्या क्षमाला हळूच म्हणाली, की सासूने एवढा एक हिवाळा दिला आहे. नाही चाललं तर शिलाई मशीन विकणार.

मोनालीने मोबाईलवरचे फोटो जसेच्या तसे टाकले. एकेक विटेसारखा जड. लहान करून टाका, असं तिला कोणी सांगितलं नाही. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिची मशीन दिसायची, चाकावर पोट्टीने चिकटवलेली लाल टिकली असलेली. पहिल्या महिन्यात पाहायला कोण येणार? एक नणंद आणि मोनाली स्वतः. भैयांनी तेवढंच मोजलं आणि तेच तिचं माप ठरवून टाकलं.

थंडी पडली. नव्या रायपुरातल्या कोणा बाईने आपल्या बाळाच्या झबल्याचा व्हिडिओ टाकला, खाली मोनालीचं नाव. आणि लोक आले, मित्रांनो! मी धापा टाकत होतो, पण खूश होतो.

"भैया, मोनाली दीदीचं माप संपत आलं," क्षमा म्हणाली. "कारखान्याचं रिकामंच पडलं आहे. त्यातलं द्या ना थोडं."

"मालकाले कळलं तर? पोट्टं वाढलं म्हणून आपण पाळणे वाढवत बसायचं काय?" भैयांनी समोसा मोडला.

दुपारी तिच्या दारावर 'मर्यादा संपली' अशी पाटी मीच लावली. माझ्याकडून ती आपोआप लागते. लगेच फोन वाजला. भैयांनी तो स्पीकरवर टाकला.

"भैया, आजच काहून बंद झालं? आजच तर लोक येऊन राहिले!"

"लोक येऊन राहिले म्हणूनच तर बंद झालं, दीदी. एक तारखेला उघडेल आपोआप."

फोनमधून पोट्टीचं रडणं ऐकू आलं, मग तेही बंद झालं.

एक तारखेला दार उघडलं. आली फक्त नणंद.

पुढे मीही थकलो. कारखान्याच्या मालकाने "फार हळू चालते" म्हटलं आणि भैयांनी त्याच दिवशी वायर ओढली. मला देताना ते कबाड्याला म्हणाले, "घेऊन जा, भंगार आहे."

काल माझ्या शेजारी एक शिलाई मशीन आणून टाकली. चाकावर लाल टिकली होती. कबाड्याने ती नखाने खरवडली आणि मशीन तराजूवर चढवली.

मित्रांनो, तुम्हीही पुढे कोणाकोणाची मापं घ्याल. तेव्हा आज तो केवढा आहे एवढंच मोजून कात्री चालवू नका.

मोनालीच्या पोट्टीचा फ्रॉक आता तोकडा झाला असेल. मोनालीने तो उसवला असेल, मशीन नाही तर हाताने पुन्हा शिवला असेल. आत कापड होतं.