पेढ्याची साखर एकशेचार

मयूर विहारमधल्या सोसायटीचा हॉल सकाळीच गच्च भरला होता. पुढे शाल पांघरलेले संपतबुवा, त्यांच्यासमोर पाटावर हळदकुंकू वाहिलेला मोबाइल. त्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट टेकवावं आणि आपल्या रक्तातली साखर काचेवर उमटावी! नवल असं, की प्रत्येकाची साखर एकशेचार.

"ना सुई, ना खून, बिल्कुल वेदना नाही!" बुवा गरजले. "डॉक्टर टोचतो, देव नुसता शिवतो. गोळ्या सोडा माउली, भाव धरा!"

"अहो, माझी तीनशे होती मागच्या महिन्यात!" सोसायटीतले अशोकराव डोळे पुसत म्हणाले.

चेतना आईला, विठाबाईंना, घरी न्यायला आली होती. त्यांनी दोन आठवडे गोळ्या सोडल्या होत्या. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, तरी त्या घरभर गुणगुणत फिरायच्या:

काचेच्या देवाजीला बोट लाविते मी बाई,
रक्तातली गं साखर पाण्यावाणी वाहून जाई.

चेतना पाटाजवळ जाऊन काचेवर वाकली. आकड्याखाली ओळ होती, 'मुस्कुराइए, सब ठीक है.' ती तिनेच लिहिलेली होती.

गेल्या साली नोएडातल्या तिच्या कंपनीने हा मोबाइल बाजारात आणला होता. जाहिरातीत डोंगर, धुकं, धावणारी पोरगी. मोबाइल करतो काय, हे कुणाला कळलंच नाही. अनावरणाच्या समारंभात खुर्च्या रिकाम्या, समोसे गार. त्यात साखर मोजायची सोय तयारच झाली नव्हती. म्हणून समारंभाआधी चेतनाच म्हणाली होती, "यार, दाखवायच्या नमुन्यांत एकच छान आकडा घालून ठेवा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मोबाइल विक्रीत आपटला, नमुने भंगारात गेले; त्यातलाच एक आता बुवांच्या पाटावर होता. तो एक दिवस मात्र अजून संपला नव्हता.

"या ताई, निःशंक बोट टेकवा!"

चेतनाने ताटातला पेढा उचलून भिंगावर ठेवला. एकशेचार.

लोक माना उंचावून बघू लागले.

"प्रसाद आहे तो!" बुवा सावरले. "त्यातही देव आहे!"

"अच्छा? अशोककाका, तुमची चष्म्याची डबी द्या." डबीचीही साखर एकशेचार.

"अभिनंदन हो, डबीला डायबेटीस नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा उसळला. बुवा शाल गोळा करून दाराकडे सरकले, तर दारात अशोकराव.

चेतनाला मात्र हसू आलं नाही. "भिंगावर अंधार पडला की हा आकडा येतो. दुसरा आकडा यात नाहीच. तो मी घालायला लावला होता. बुवांनी नुसतं कुंकू वाहिलं."

विठाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे दोन आठवडे मी तुझ्याच ओळीला हात जोडत होते?"

"हो, आई."

विठाबाईंनी दुखरा पाय साडीखाली ओढून घेतला.

तासाभरात अर्धा हॉल कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रांगेत होता. विठाबाईंची साखर निघाली तीनशे बारा. सुई टोचताना त्यांनी लेकीचा हात धरला नव्हता; कागद हाती आल्यावर धरला. "चल, आधी डॉक्टरांकडे. ओरडा दोघी मिळून खाऊ."

निघताना चेतना रांगेतल्या अशोकरावांकडे वळली. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका, काका. तपासून बघा. जो आकडा पेढ्यालाही तोच, तो तुमच्या रक्ताचा नाही."