दिवसाला पाच तोबरे

"तोंडं सहा आणि तोबरे पाच. आता कोणाला उपाशी ठेवू ते तू सांग. तू शिकलेली आहेस."

बाबांनी टॅबलेट तिच्या नाकासमोर धरला होता. ती आरशापुढे केस बांधत होती आणि तिच्या दातांत पिना होत्या, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही, एवढंच बरं. पडद्यावर तबेल्यातली सहा ठाणं ओळीनं दिसत होती. पाच घोडे तोंडाला तोबऱ्याची पिशवी बांधून हरभऱ्याची चंदी खात होते. सहावी तांबडी घोडी, जिचं नाव बाबांनी राणीसरकार ठेवलं होतं, मान खाली घालून खुरानं जमीन उकरत होती. तिच्या डोक्यावर पाटी झळकत होती : 'आजची खरेदी मर्यादा संपली. उद्या पुन्हा भेटू या!'

"ती उद्या खाईल, बाबा," पिना काढून ती म्हणाली.

"आणि आज?"

"आज तुम्ही खाऊन घ्या बघू. मला उशीर होतोय."

टेबलावर दूध आणि पाव ठेवलेला होता. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं त्यांना चोरी करायला सांगितली होती.

"घोडी उपाशी उभी आहे, आणि मी खाऊ?"

बाबा एकेचाळीस वर्षं मोतद्दार होते. शर्यतीच्या घोड्यांना खरारा करायचा, चंदी चारायची, आजारी घोड्याशेजारी गवतावर झोपायचं. चषक मालकांनी उचलले, फोटो जॉकींचे छापून आले. अशा एका फोटोच्या कडेला लगाम धरलेला नुसता एक हात दिसतो, तो बाबांचा. आईनं तो फोटो चौकट करून भिंतीला लावला होता आणि आल्यागेल्याला सांगायची, "हा आमच्या ह्यांचा हात." घोड्यांनी खाल्ल्याशिवाय मोतद्दारानं ताटाला शिवायचं नाही, हा त्या धंद्यातला दंडक. तो बाबांनी लग्नाच्या दिवशीसुद्धा मोडला नव्हता. आई म्हणायची, या घरात पहिला मान चार पायांच्यांचा, मग आपला.

आई गेली आणि बाबांची आठवण तिच्यामागोमाग निघाली. आधी किल्ल्या हरवल्या, मग घरी यायची वाट, मग लेकीचं नाव. ते तिला कधी 'पोरी' म्हणत, कधी 'बाई'. ज्या दिवशी 'बाई' म्हणत त्या दिवशी घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसत. मग परदेशातल्या धाकट्या भावानं हा टॅबलेट पाठवला. "घोड्यांच्या शर्यतीचा खेळ आहे, ताई. जगभरातली माणसं खेळतात. बाबांचा वेळ जाईल."

वेळ कसला जातोय, असं तिला वाटलं होतं. पण बाबा पडद्याकडे पाहून खुर्चीत ताठ झाले. "ह्या काळ्याचं पोट सुटलंय. कोण बघतं ह्यांच्याकडे?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आधी ते दाढी करून तयार होते. दिवसातून तीनदा सहाही घोड्यांना चंदी द्यायची, मग बोटानं त्यांच्या अंगावरून लांब लांब खरारा करायचा, मग स्वतः जेवायचं. वर्षभरात त्यांनी एकही घोडा शर्यतीत उतरवला नाही. "काका, हे घोडे काय शोकेसमध्ये ठेवायला घेतलेत का?" असे निरोप इतर खेळाडूंकडून यायचे. ती ते वाचून हसायची. बाबांचं वजन वाढलं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

एकदाच, पहिल्या आठवड्यात, तिनं सांगून पाहिलं होतं, "बाबा, ते खरे घोडे नाहीत."

"नसूदेत की," बाबा म्हणाले होते. "भुकेनं माना खाली घातल्यात ना त्यांनी?"

खेळ बिघडला तो पैसेवाल्यांमुळे. खरे पैसे मोजून काहीजण दिवसाला शेकडो तोबरे विकत घ्यायचे, घोड्यांना ठासून ठासून खायला घालून त्यांचा वेग वाढवायचे आणि एकूण एक शर्यत मारायचे. साध्या खेळाडूंनी बोंब ठोकली. शेवटी कंपनीनं सगळ्यांना विचारलं : चंदीच्या खरेदीवर मर्यादा असावी का?

बाबांच्या खात्यावर आलेला तो प्रश्न तिनं वाचला, आणि 'होय'वर बोट तिनंच ठेवलं. क्षणाचाही विचार न करता. तिचा जन्म अशाच कामात गेला होता. सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून ती एकोणीस वर्षं टोकन वाटत होती. डॉक्टर दिवसाला साठ रोगी तपासत, म्हणून टोकनं साठ. दवाखान्यात तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे टोकनताई म्हणत. गाडीतून येणारा असो की अनवाणी, एकसष्टावा माणूस परत जाई. लोक शिव्या द्यायचे, रडायचे, कोणी ओळख सांगायचे. ती म्हणायची, "नियम सगळ्यांना सारखा." हे म्हणताना तिला कधी लाज वाटली नव्हती. उलट, जगात तेवढी एक खिडकी तरी सरळ आहे, असंच वाटायचं.

बहुतेकांनी 'होय' म्हटलं. दिवसाला, खात्यामागे, पाच तोबरे. शर्यती खेळणाऱ्यांकडे दोन-तीनच घोडे असत, त्यांना पाच रग्गड झाले. कोणाचीच तक्रार राहिली नाही.

बाबांनी मात्र जेवण टाकलं.

दिवसभर त्यांच्याजवळ शेजारच्या काकू बसत. संध्याकाळी ती आली की काकू दारातच हिशेब देत. "आजही ताट तसंच्या तसं गं. मी म्हटलं, भरवते. तर म्हणतात, 'बाईसाहेब, आधी तबेल्यात देऊन या.' आणि तुझे हरभरे संपले बरं का." स्वयंपाकघरात प्रत्येक भांड्यात हरभरे भिजत पडलेले असत. एकदा बाबांनी ओंजळभर ओले हरभरे पडद्यावरच ओतले होते आणि राणीसरकार मान वर करते का, याची वाट बघत बसले होते.

रात्री झोपेच्या गुंगीत ती पाजी तेवढंच दूध पोटात जाई. महिन्याभरात त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं. डॉक्टर तिच्याच दवाखान्यातले. म्हणाले, "औषध काय देऊ, टोकनताई? त्यांना खायला घाला."

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. दुसरं लिहिलं, त्याला तेच उत्तर आलं, फक्त तारीख बदलून. मग जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिनं त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळानं एका बाईचा आवाज आला. दमलेला, पण उर्मट नाही.

तिनं सगळं सांगितलं. एका दमात, रांगेतली माणसं सांगतात तसं, नको ते तपशीलही.

"रोज तेरा तोबरे जास्त हवेत फक्त," ती शेवटी म्हणाली. "माझे वडील शर्यत खेळतच नाहीत हो. कोणाचं काही हिरावून घेत नाहीत ते. तुम्ही खातं उघडून बघा."

"बघितलं मी, मॅडम," ती बाई म्हणाली. "शून्य शर्यती. दिसतंय मला."

"मग?"

"मग काय सांगू? तुमचं खरं असेल. पण उद्या खोटं सांगणारे शंभर फोन येतील, आणि मला इथून फक्त आवाज ऐकू येतो. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम."

यावर काय म्हणायचं असतं ते तिला एकोणीस वर्षांत हजारांनी ऐकवलं होतं. ती नुसतं "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात साठावं टोकन गेल्यावर खिडकीशी एक माणूस आला. पाठीवर म्हातारी आई. दोन गाड्या बदलून आलोय, म्हणाला. तिनं खिडकीची फळी ओढायला हात घातला, आणि तो हात आपल्या आपण कागदाकडे गेला. तिनं एकसष्ट आकडा लिहिला आणि टोकन बाहेर सरकवलं.

मागे एक बाई होती. कडेवर तापानं फणफणलेलं मूल. ती ओरडली नाही, भांडली नाही. नुसतं विचारलं, "मग मला का नाही?"

टोकनताईनं फळी खाली ओढली आणि आत अंधारात बसून राहिली. बाहेरून कोणी ठोठावलंसुद्धा नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी तिनं त्या खेळात आणखी तीन खाती काढली. एक स्वतःच्या नावानं, एक काकूंच्या, एक आईच्या. प्रत्येक खात्यावर पाच तोबरे घ्यायचे आणि बाबांच्या तबेल्यात भेट म्हणून पाठवायचे. बाबांचे पाच आणि हे पंधरा, म्हणजे वीस. दोन उरत, ते बाबा राणीसरकारला घालत. "तिचा मागचा उपास आहे," म्हणत.

बाबा जेवायला लागले. पहिल्या दिवशी अर्धा पाव, तिसऱ्या दिवशी पूर्ण ताट. सातव्या दिवशी त्यांनी तिला नावानं हाक मारली. ती बाथरूममध्ये होती, तशीच साबणाच्या हातांनी बाहेर आली.

"काय बाबा?"

"काही नाही. वाळली आहेस. खात जा."

अकरा दिवस हे चाललं.

बाराव्या दिवशी सकाळी तबेला उघडेना. पडद्यावर मजकूर होता : एकाच घरातून अनेक खाती चालवून खरेदी मर्यादा मोडल्याचं आढळलं आहे. सर्व खेळाडूंना समान न्याय मिळावा म्हणून ही चारही खाती कायमची बंद करण्यात येत असून तबेल्यातले घोडे अन्य खेळाडूंसाठी खुले करण्यात आले आहेत. त्याखाली सहा ठाणांचं चित्र होतं. रिकामं. गवतसुद्धा झाडून काढलेलं.

तिनं टॅबलेट पालथा घालायच्या आत बाबांनी तो घेतला. बराच वेळ बघत राहिले. ते आरडाओरडा करतील, रडतील, म्हणून ती त्यांच्या दंडाला धरून बसली. पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. असं त्यांच्या आयुष्यात कितीदा तरी झालं असणार. हंगाम संपला की मालक घोडे विकायचे. मोतद्दार सकाळी जायचा आणि ठाण रिकामं असायचं. त्याला सांगायची पद्धत नव्हती.

"नेले?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"सगळे?"

"सगळे."

"खाऊन गेले का?"

त्या दिवशीच्या तोबऱ्यांना अजून हातच लागला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "पोटभर खाऊन गेले."

बाबांनी मान हलवली. दुधाचा पेला ओढून घेतला आणि घोट घोट करत संपवला. पाव संपवला. तिनं आणखी एक पुढे केला, तोही खाल्ला. मग तिच्याकडे वळून अदबीनं म्हणाले, "उपकार झाले, बाई."

त्यानंतर त्यांनी तिला नावानं हाक मारली नाही, पोरी म्हणूनही नाही. भावानं फोनवरून दुसरा खेळ सुचवला; त्यातले घोडे जास्त देखणे होते. बाबांनी शिष्टाचार म्हणून पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत. दुसऱ्याचे आहेत." दाढी करणं सुटलं. समोर ठेवलेलं मात्र सगळं खाऊ लागले, उष्टं न टाकता, चव न विचारता. महिन्याभरात सहाही किलो भरून आले. काकू म्हणाल्या, "चला, एवढं तरी झालं."

एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ती कामाला निघायच्या वेळी बाबा आपलं अंथरूण गुंडाळून, मांडीवर घेऊन दाराशी बसलेले असत. पाठ ताठ, पायांत बूट. पगार चुकता झालेला माणूस बसतो तसे.

"कुठे निघालात, बाबा?"

"इथलं काम संपलं ना," ते म्हणत. पुढे काही नाही. त्यांना जायचं कुठे ते माहीत नसे, आणि कोणी जा म्हणत नसे. म्हणून ते संध्याकाळपर्यंत बसून असत.

संध्याकाळी ती येई, काकूंना निरोप देई आणि बाबांच्या मांडीवरची वळकटी उचलून खाटेवर ठेवी. एका जुन्या दोरीनं ती घट्ट बांधलेली असे. पहिल्या दिवशी तिनं गाठ नखांनी उकलायचा प्रयत्न केला, दातांनी केला. गाठ हलेना.

"तसं नाही, बाई," बाबा दारातून म्हणाले. उठले, तिच्याजवळ आले आणि दोरीचं लोंबतं टोक तिच्या हातात दिलं. "हे ओढा. आग लागली तर जनावर एका झटक्यात सुटलं पाहिजे. म्हणून अशी बांधायची."

तिनं टोक ओढलं. गाठ सुटली. अंथरूण खाटेवर आपोआप पसरत गेलं, आणि बाबा भिंतीला पाठ लावून, ती बाजूला व्हायची वाट बघत उभे राहिले.