एकोणीसशे ओळी

"उपटा!" ताईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं.

खाली पंपघरात मेकॅनिकने भिंतीवरच्या डब्यातली निळी तार खस्सकन ओढली. वर नियंत्रण खोलीत पडद्यावरचे आकडे थिजले. टाकीची पातळी, पंपाचा दाब, सगळं जागच्या जागी. ताईंनी मनात तीसपर्यंत मोजलं.

"लावा!"

आकडे क्षणभर अडखळले आणि मधल्या तीस सेकंदांच्या सगळ्या नोंदी घेऊन क्रमाने धावत आले. एकही गळली नव्हती. ताईंनी वहीत बाराव्यांदा बरोबरची खूण केली, तीही अशी की कागद फाटता फाटता वाचला.

मेकॅनिक जिना चढून वर आला. "पास झालं ना, ताई? मग तोंड का पाडलंय?"

"पास झालं म्हणूनच."

ताई पाणीपुरवठ्यात ऑपरेटर. अकरा पंपिंग ठाण्यांचे आकडे बघायचे आणि काही बिघडलं तर फोन करायचा, ही नोकरी. साडेदहा वर्षांपूर्वी एका ठाण्याचा 'टाकी भरली' हा निरोप वाटेतच हरवला आणि टाकी तीन तास वाहत राहिली. ठपका ताईंवर आला. निरोप आलाच नाही तर मी काय स्वप्नात बघणार, असं त्या परोपरीने म्हणाल्या, पण ऐकतो कोण! मग मात्र त्या इरेला पेटल्या. एका यंत्राने दुसऱ्याला निरोप कसा धाडायचा, पोच कशी घ्यायची, पोच आली नाही तर पुन्हा केव्हा पाठवायचं, याचे नियम जगजाहीर असतात. त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. ते नियम पाळून निरोप पोचवणारा प्रोग्रॅम ताईंनी जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, दीड वर्षात लिहिला आणि इंटरनेटवर मोकळा ठेवला. कुणीही वापरावा, कुणीही सुधारणा सुचवावी. अशा प्रोग्रॅमला लायब्ररी म्हणतात. त्यांच्या नवऱ्याने, तो शिंपी, ही बातमी छाती फुगवून गल्लीभर सांगितली आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण कादंबरी मागायला दारात हजर!

आज दोनशेवर ठिकाणी ती लायब्ररी चालत होती. तिच्यात बदल करायचा तर ताईंची मंजुरी लागे. नऊ वर्षांत त्यांनी किरकोळ बदल पुष्कळ घेतले, पण गाभ्याला कुणी हात लावला नव्हता.

आणि आता हे घुबड कुठून तरी टपकलं होतं. इंटरनेटवर 'घुबड' नावाने वावरणारं कुणी तरी. बाई की बाप्या, ताईंना ठाऊक नव्हतं. या घुबडाने ताईंच्या एकोणीसशे ओळी काढून तिथे आपल्या सहाशे घातल्या होत्या आणि सोबत नम्रपणे लिहिलं होतं: "वीज जाऊन आली की तुमची लायब्ररी प्रत्येक ठाण्यावरून बरोबर दहा सेकंदांनी सर्व्हरचं दार ठोठावते. आमच्याकडे चारशे ठाणी आहेत. चारशे जण एकदम धडकले की आमचा सर्व्हर आडवा होतो. मी प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबायला शिकवलं आहे."

ते खरं होतं. चीड त्याचीच होती. ताईंची ठाणी अकराच, त्यांना हे कधी जाणवलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, "मॅडम, सरळ नाही म्हणून टाका. नाव तुमचं आहे त्यावर. विचारतो कोण?"

घरी नवऱ्याने सुईत दोरा ओवता ओवता वेगळंच सांगितलं. "कोट दंडात काचत असेल तर बाही उसवावी लागते बघ. टाके कितीही देखणे असोत."

"ही तुमची बाही नाहीये."

"म्हणून तर मला बोलणं सोपं जातंय."

शेवटी ताईंनी ठरवलं, घुबडाच्या बदलाची चाळीस वेळा तार उपटून परीक्षा घ्यायची. आणि खोटं कशाला सांगा, तो नापास व्हावा म्हणूनच घ्यायची.

सत्ताविसाव्या खेपेला एक नोंद दोनदा आली.

ताई खुर्चीतून उठल्याच. "सापडलं!"

निरोप पोचला होता, पण त्याची पोच परत येण्याच्या नेमक्या क्षणी तार निघाली होती. मग ठाण्याने तोच निरोप नवा समजून पुन्हा धाडला. ताईंच्या जुन्या ओळी असं कधीही करत नव्हत्या.

"आता द्या साभार परत," मेकॅनिक खूश होऊन म्हणाला. सकाळपासून जिने चढून त्याचे गुडघे बोलायला लागले होते.

ताईंनी 'नामंजूर'वर बोट नेलं. केवढा आनंद झाला होता त्यांना! आणि तेवढ्यात त्यांना वाहिलेल्या टाकीच्या चौकशीच्या दिवशीचा तेव्हाच्या साहेबांचा चेहरा आठवला. त्या चेहऱ्यावर हाच आनंद होता: सापडलं एकदाचं कुणी तरी. ताईंना स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

त्यांनी बोट मागे घेतलं आणि घुबडाला दोष नीट लिहून कळवला: तार केव्हा निघाली, काय दोनदा आलं, कुठे बघायचं.

चहाच्या वेळेला उत्तर आलं. "दोन आठवडे हे भूत मला छळत होतं, पकडता येत नव्हतं. तुम्ही कसं पकडलंत?"

"तार उपटून," ताईंनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. जे सांभाळायला ताईंना तीनशे ओळी लागल्या होत्या, ते घुबडाने अकरा ओळींत केलं होतं. ताईंनी त्या तीनदा वाचल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मग चाळीस खेपा पहिल्यापासून. मेकॅनिकने कपाळाला हात लावला, पण उपटली बिचाऱ्याने. चाळीसही पास झाल्या. ताईंनी 'मंजूर' दाबलं आणि खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "दहा सेकंदांची चूक माझी होती. नऊ वर्षं होती." पडद्यावर त्यांच्या एकोणीसशे ओळी लाल झाल्या आणि गेल्या. ताई बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. वाईट वाटलं. वाटणारच.

"मग आता तुमचं काय राहिलं त्यात?" मेकॅनिकने विचारलं.

"तीन आज्ञा. जोड, पाठव, सोड. दोनशे ठिकाणचे प्रोग्रॅम बाहेरून याच नावांनी हाक मारतात, त्या बदलता येत नाहीत."

"म्हणजे पाटी तुमची, दुकान त्याचं!"

"तसंच काहीसं," म्हणत ताई हसल्या.

आठ दिवसांनी भर दुपारी सगळीकडची वीज गेली आणि पाऊण तासाने आली. साहेब नेमके नियंत्रण खोलीत उभे होते. पडद्यावर एक ठाणं हिरवं झालं. मग दुसरं. मग बराच वेळ काहीच नाही.

"मॅडम, दोनच? पूर्वी तर एकदम यायची!"

"थांबा, साहेब."

तिसरं आलं. पाठोपाठ चौथं, पाचवं. ताई हात बांधून, ताठ उभ्या होत्या. लेकीच्या शाळेच्या निकालालासुद्धा त्या इतक्या शांत उभ्या राहिल्या नव्हत्या. नववं, दहावं, आणि सावकाश, कुणाचीही वाट न अडवता, अकरावं.

"वा! काय लिहिलंय तुम्ही!" साहेब म्हणाले.

"ते मी नाही लिहिलेलं, साहेब. मी तपासून घेतलंय."

मग त्यांनी नोंदवही पुढे ओढली, वेळ लिहिली, ठाण्यांची संख्या लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात, एरवी जिथे नुसती रेघ मारत, तिथे वळणदार अक्षरात लिहिलं: एकेक करून आली.