हसणाऱ्या हेरेचे वस्त्र

दोन उभे खांब, वर एक आडवा दांडा आणि खाली उभे धागे ताणून धरायला लोंबणारी मातीची वजने, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, मी सामोस बेटावरचा एक जुना माग आहे. या बेटावर देवांची राणी हेरा जन्मली. नदीकाठच्या ज्या निर्गुंडीखाली ती जन्मली, ते झाड आजही देवळाच्या आवारात उभे आहे. त्या हेरामातेचे वस्त्र माझ्या अंगावर विणले गेले आणि ते पाहून सारे बेट हसले. हे भाग्य कोणत्या मागाच्या वाट्याला आले असेल?

मला होड्या बांधणाऱ्या एका सुताराने घडवले. त्याची नवी नवरी आर्खिप्पे दूरच्या प्लातिया गावाहून आली होती. समुद्र पाहिला की तिला रडू येई. तिचे मन रमावे म्हणून त्याने डोलकाठीच्या उरलेल्या सरूच्या लाकडातून मला उभा केला. वजने मात्र तिने स्वतः थापली आणि ओल्या मातीत प्रत्येकावर आपला अंगठा उमटवला. त्या दिवसापासून ती या घरची झाली. माझ्यावर तिने मुलाची दुपटी विणली, नवऱ्याची शाल विणली आणि पुढे त्याच्या अंत्ययात्रेचे वस्त्रही विणले.

मुलगा दिफिलोस मोठा झाला, सून आली. तिचे नाव निकेसो. तिची बोटे चपळ, तशीच जीभही. सासू सुनेला म्हणायची, "अगं, धागा ओढतेस की बैल?" सून म्हणायची, "बैलच ओढते, सासूबाई. तुमच्या लेकाची सवय झालीय ना!" दोघी हसत आणि माझी वजने एकमेकांवर खणखणत.

मग ते वर्ष आले. दरवर्षी उत्सवात हेरेची पुरातन लाकडी मूर्ती समुद्रकाठी नेतात, तिला स्नान घालतात, जवाच्या वड्यांचा नैवेद्य दाखवतात आणि नवे वस्त्र नेसवतात. ते वस्त्र कोणत्या घरी विणायचे, हे पुजारीण हेदिस्ते ठरवते. त्या वर्षी ती लोकरीच्या गुंड्या घेऊन आमच्या दारात उभी राहिली. केवढा मान तो! निकेसोने चित्र योजले, हेरा आणि देवांचा राजा झ्यूस यांच्या लग्नाचे, काठाला तिचे लाडके मोर. दिफिलोस तेव्हा द्राक्षाची दारू आणि तेल घेऊन इजिप्तच्या नौक्रातिस बंदरात गेला होता. उत्सवापर्यंत परततो म्हणाला होता.

गलबत परतले, तो परतला नाही. त्याच गलबतावरचा एक खलाशी आमच्या अंगणात येऊन पायाने माती उकरत राहिला.

"दिफिलोस कुठाय?" निकेसोने विचारले.

"येईल की. त्याचं तिकडं बरं चाललंय."

"बरं म्हणजे किती बरं?" आर्खिप्पे पुढे झाली. "माझ्याकडं बघून बोल."

"मावशी, आता काय सांगू... घर केलंय त्यानं. घरात बाई आहे."

निकेसो रडली नाही. तिने हातातली लोकरीची गुंडी भिंतीवर फेकली. "लग्नं जुळवणारी, लग्नं राखणारी देवी म्हणे! हिला स्वतःचा नवरा कधी आवरला नाही, ती माझा काय आवरणार? हिला नटवायला मी का बोटं झिजवू?"

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला आठवूसुद्धा नकोसे वाटतात. अर्धवट वस्त्र माझ्या अंगावर तसेच लोंबत राहिले. कोळ्याने माझ्या कोपऱ्यात जाळे विणले. घरात विणकाम करणारा तो एकटाच उरला होता. कोंबडी माझ्या वजनांमध्ये बसू लागली. विहिरीवर शेजारणी कुजबुजत, "पांढऱ्या पायाची गं बाई! आता देवीलाही उघडी ठेवणार." वस्त्र झाले नाही, तर मूर्तीला जुन्याच वस्त्रात परत न्यावे लागणार होते. तसे आजवर कधी घडले नव्हते. तसे घडले असते, तर या घराला देवळाची पायरी कायमची बंद झाली असती.

आर्खिप्पे सुनेला एका शब्दाने बोलली नाही. एका सकाळी तिने कोंबडीला हुसकावले आणि स्वतःच माझ्यापुढे उभी राहिली. तिला आता नीट दिसत नसे. हेरेच्या हाताचा धागा झ्यूसच्या दाढीत गेला.

निकेसो उंबऱ्यावर पाठ करून बसली होती. तिला राहवले नाही. "सासूबाई, नवरदेवाच्या दाढीला बोटं फुटलीत."

"फुटू देत. त्याच्या लायकीचं ते तेवढंच." म्हातारी विणत राहिली. "आमच्या प्लातियाची गोष्ट ठाऊक आहे तुला? एकदा ही हेरा अशीच चिडली आणि घर सोडून आमच्या डोंगरावर येऊन राहिली. झ्यूसनं निरोप धाडले, विनवण्या केल्या. ही ढिम्म! तेव्हा त्यानं काय करावं? ओकाचा एक ओंडका घेतला, त्याला नवरीसारखा नटवला, तोंडावरून पदर ओढला, गाडीत बसवला आणि दवंडी पिटली, झ्यूस दुसरं लग्न करतोय!"

"मग?" निकेसोची मान किंचित वळली.

"मग काय! हेरा डोंगरावरून धावत सुटली. केस मोकळे, पायात काही नाही, मागं आमच्या गावच्या सगळ्या बायका. गाडी अडवली, पदर धरून खस्सकन ओढला, तर आत लाकूड!"

"लाकूड?"

"लाकूड गं! आणि शेजारी देवांचा राजा, तोंड वासून. हेरा घरी परतली, पण आधी अशी हसली म्हणतात, की डोंगरावरच्या शेळ्या बुजल्या."

निकेसोच्या घशातून आधी एक खोकल्यासारखा आवाज आला. मग ती हसू लागली. हसता हसता रडली आणि रडता रडता पुन्हा हसली. सासूने तिचे डोके आपल्या पोटाशी धरले. "माझा लेक ओंडक्यावर भाळला असेल, तर भाळू दे. तू हस. तू माझीच आहेस."

निकेसो उठली. तिने लग्नाचे चित्र धाग्याधाग्याने उसवले आणि त्याच जागी नवे विणायला घेतले. हातात पदर धरून हसणारी हेरा, गाडीतला नटवलेला ओंडका आणि कपाळाला हात लावलेला झ्यूस! माझी वजने पुन्हा खणखणू लागली. मित्रांनो, तो आवाज ऐकून माझ्या जुन्या लाकडालाही नवा जीव आला.

झ्यूसच्या वेदीचा पुजारी लाम्पोन याच्या कानावर हे गेले. तो तावातावाने आला. "देवांच्या राजाची टिंगल? आणि तीही देवीच्या अंगावर? असलं वस्त्र मी नेसवू देणार नाही!"

निकेसो म्हणाली, "गोष्ट खोटी आहे का?"

"खरी असली म्हणून काय? खरं ते सगळं विणायचं असतं होय?"

पुजारीण हेदिस्तेने वस्त्रावरून हात फिरवला. मग म्हणाली, "नेसायचं तिला आहे, लाम्पोन. तिच्या अंगावर चढू दे, मग ठरवू. लोकांनी दगड उचलले, तर पहिला मी झेलीन."

उत्सवाच्या दिवशी दोघींनी मला खांद्यावर घेतले. ज्या मागावर वस्त्र विणले, तो मिरवणुकीत नेण्याची रीत होती. किनाऱ्यावर सारे बेट लोटले होते. मूर्तीचे स्नान झाले. हेदिस्तेने वस्त्राची घडी मोडली आणि ते मूर्तीला नेसवले. वाऱ्याने ते पसरले आणि सर्वांनी चित्र पाहिले.

लाम्पोनने हात उंचावला. निकेसोने मान खाली घातली नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई फस्सकन हसली. ती लाम्पोनचीच बायको होती. "अगं बाई! हा तर हुबेहूब आमच्या ह्यांचाच चेहरा!" ती म्हणाली आणि पोट धरून खाली बसली. मग तिच्या शेजारची हसली, मग मासे विकणाऱ्या, मग विहिरीवरच्या त्या कुजबुजणाऱ्या सुद्धा. शेवटी पुरुषही हसू लागले. हसण्याची लाट किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. देवळाचे मोर केकाटले. लाम्पोनचा उंचावलेला हात हळूच खाली आला आणि तो त्याने कपाळाला लावला. आता तर तो नेमका वस्त्रावरच्या झ्यूससारखा दिसू लागला!

हेदिस्ते ओरडून म्हणाली, "इतकी वर्षं आपण तिला रुसलेली समजून नेसवत आलो. आज तिचं हसू तिला परत दिलं!" तिने मूर्तीच्या गळ्यातली फुलमाळ काढून निकेसोच्या डोक्याला बांधली. बायकांनी दोघी सासूसुनांना उचलून घेतले. मलाही उचलले. त्या गजरात मी देवळापर्यंत गेलो तो जणू लढाई जिंकूनच.

पुढच्या वसंतात दिफिलोस परतला. हडकला होता. दारात उभा राहून म्हणाला, "आई, आलो."

"दिसलं," आर्खिप्पे म्हणाली. "पण आता हे दार निकेसोचं आहे. तिला विचार."

निकेसोने विणणे थांबवले नाही. "भूक लागली असेल. भाकरी आणि जैतुनाची फळं तिथं ठेवलीत, खाऊन घे. झोपायला मात्र होड्यांच्या छपरात जा. हेरा घरी परतली ती हसू आलं म्हणून. मला अजून आलं नाही. आलं, की सांगेन."

तो मुकाट्याने जेवला आणि छपराकडे गेला. सासू सुनेकडे पाहून गालात हसली.

निकेसोला ते हसू पुढे आले की नाही, हे मी सांगणार नाही. ती तिची गोष्ट आहे. मी एवढेच सांगतो, की त्यानंतर बेटावरच्या कितीतरी लेकी माझ्यापुढे उभ्या राहून विणायला शिकल्या, आणि ज्यांना दुःख होते त्या आधी आल्या.

मित्रांनो, मागाला अधूनमधून तेल लावा, वाळवीपासून जपा, हे तर खरेच. पण त्याहून माझी एक विनंती आहे. कोणी रागाने हातातले काम टाकून पाठ फिरवून बसले, तर त्याला दोष देऊ नका आणि ते काम गुंडाळूनही ठेवू नका. धागे ताणलेले राहू द्या आणि शेजारी उभे राहून थोडे वाकडेतिकडे विणत राहा. तो माणूस मान वळवील.

आणि मग पाहा, कसली कसली वस्त्रे तयार होतात!