आश्रुबाचा उजवा दिवा

सत्यशीलानं घरच्या चारचाकी गाडीचे वळायचे दिवे बदलून एलईडी बसवले, आणि जिंतूरच्या त्या घरात पहिला आनंद झाला तो तिच्या थोरल्या दिराला. कारण नवे दिवे लागले ते टकटकटकटक, जणू पाठीमागं कुत्रं लागलंय.

"म्याडमनं गाडीला हगवण लावली," आश्रुबा ओट्यावरून म्हणाला. आवाज बापाच्या खोलीत पोचेल इतका.

सासऱ्यांचा, तात्यारावांचा, कायदा एकच: गाडी ज्याच्या हातात बिघडली, चावी त्याच्या हातातून गेली. नवरा पुण्याला कंपनीत. सत्यशीलाची शाळा झरीच्या पुढं, आडरस्त्याला. येष्टी फाट्यावर सोडायची, पुढं धूळ आणि पायपीट. चावी गेली की पुन्हा तेच. आश्रुबाला स्वतःला गाडी कुठं न्यायची नव्हती. ती नेते, एवढंच बघवत नव्हतं. इतका निःस्वार्थी द्वेष क्वचित सापडतो.

दिवे तिनं हौसेनं बदलले नव्हते. जुने एवढे मिणमिणते, की उन्हात मागच्याला दिसायचेच नाहीत. फाट्यावर वळताना एकदा उसाचा ट्रॅक्टर अंगावरच आला होता.

"बिघडलं काही न्हाई, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली. "हे दिवे वीज कमी खातात. गाडीला वाटायलंय, दिवाच गेला, म्हणून टकटक घाई करायलीय. लुकलुक सांभाळणारी डबी बदलली की झालं."

"गाडीला वाटायलंय म्हणं," आश्रुबा हसला. "आता गाडीचीबी शाळा भरवा."

दुसऱ्या दिवशी तिनं डबी बदलून आणली. दिवे शहाण्यासारखे लागायला लागले, आणि लख्ख. आश्रुबाचं तोंड उतरलं. पण हार मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं. काम करणंही नव्हतं.

तात्यारावांचा मोतीबिंदू दाखवायला परभणीला जायचं निघालं, तेव्हा चावी आश्रुबानंच उचलली. बापाला म्हणाला, "असल्या दिव्यांचा भरवसा न्हाई, आबा. मी चालवतो. म्याडम, तुमी मागं बसा."

आश्रुबा तरुणपणी ट्रकवर होता. मागच्याला 'जा पुढं' म्हणायचं तर उजवा दिवा लावायचा आणि आपण डावीकडं सरकायचं, हे तिथलं शिक्षण. सत्यशीलानं मागं एकदा हटकलं होतं, की उजवा दिवा म्हणजे आपण उजवीकडं वळणार. तेव्हा तो म्हणाला होता, "इतकी वर्षं झाली, कुणी नाव ठेवलं न्हाई." खरंच होतं. दिसलं कुणाला होतं?

झरीच्या अलीकडं मागून एक जीप हॉर्न वाजवत आली. आश्रुबानं उजवा दिवा लावला. जीपवाल्यानं तो बघितला आणि, भला माणूस, त्याच्यावर विश्वास ठेवला. गाडी उजवीकडं वळणार म्हणून त्यानं जीप डाव्या अंगानं काढली. नेमका तेव्हाच आश्रुबा मोठ्या मनानं डावीकडं सरकला. पत्र्याला पत्रा घासला.

जीपवाला उतरला. "उजवा दिवा लावून डावीकडं कसं घेतलं, काका?"

"तुमाला पुढं जा म्हणलो की."

"पुढं जा? लांबून लख्ख दिसला दिवा. वळायलाय म्हणूनच इकडून आलो." शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघून त्यानं पुढचा शब्द गिळला आणि जीप काढली.

"ह्या दिव्यांनीच घात केला, आबा," आश्रुबा म्हणाला. "जुने असते तर त्याला दिसलंच नसतं."

सत्यशीलाला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की दीर जन्मात पहिल्यांदा सोळा आणे खरं बोलला. त्याच्यावर ह्यापेक्षा मोठा आरोप तिला करता आला नसता.

तात्यारावांनी चाचपत चावी काढली आणि मागं धरली. "सत्यशीला, पुढं ये. दवाखान्याची वेळ व्हायलीय."

ती पुढं येऊन स्टिअरिंगवर बसली. आश्रुबा उतरला तो रस्त्याच्या कडेला उभाच.

"दादा, बसता, का येष्टी बघता?"

बसला. दार मात्र असं आपटलं, की घासलेला पत्रा पुन्हा वाजला.

"घरी गेलो की पैले हे दिवे उपटून फेकतो."

"उपटा," ती आरशात बघत, उजवा दिवा लावत म्हणाली. "जुने तुमच्या शिटाखाली डब्यात हायेत. तुमच्यासाठीच ठेवले."