पंगतीतला उजेड

लातूरला पोरं डॉक्टर व्हायला येतात. श्रीनाथही जळकोटहून त्यासाठीच आला होता. दोनदा बारावी दिली, दोन्ही वेळा जीवशास्त्रानं हात दाखवला. मग गावी जाऊन बापाच्या शिव्या खाण्यापेक्षा तो क्लासच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी जुळवायला बसला. खाली पोरं फुफ्फुसाच्या आकृत्या काढत, वर हा नवरीच्या गालांवर उजेड चढवी. धंदा दोघांचाही एकच, असं तो म्हणायचा. आहे त्यापेक्षा बरं दाखवायचं.

उजेडाची युक्ती त्याला हैदराबादेत एकानं शिकवली होती. एकाच दृश्याच्या दोन प्रती कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायच्या, वरची धुरकट करायची, जरा उजळवायची आणि खालची तिच्यातून दिसेल इतकी पातळ करायची. मग पुटकुळ्या, घाम, कंटाळा सगळं विरघळतं आणि नवरी सायीतून उचलल्यासारखी दिसते. २००१ साली लातुरात हे नवं होतं. मे महिन्याच्या मांडवात घामानं निथळलेली खानदानं आपापली कॅसेट बघून खूश व्हायची. नवरदेवाची आईसुद्धा तिच्यात सोज्वळ दिसायची, याहून मोठा चमत्कार काय हवा?

भुजंगराव जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लेक देविका नांदेडला दिली. लग्नाची कॅसेट जुळवायला देताना त्यांनी श्रीनाथला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून बजावलं, की अयोध्या तेवढी कुठं दिसता कामा नये.

अयोध्या त्यांची पुतणी, थोरल्या भावाची पोर. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा, सासूसासरे आणि माहेरचे आईबाप एकाच पहाटे दगडमातीखाली गेले. विशीतली ही तेवढी उरली. काकांनी तिला घरी आणलं. चार लोकांत त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं, आणि त्या मोठ्या मनानं तिला स्वयंपाकघर दिलं. त्याला आता आठ वर्षं होत आली. बायको मेलेल्या पुरुषाला स्थळं येतात, नवरा मेलेल्या बाईला कामं येतात, हा आपल्याकडचा रिवाज. देविकाच्या लग्नात अक्षता टाकायला ती नको, ओटी भरायला नको, फोटोत तर नकोच नको. सगळ्या वऱ्हाडाला वाढायला मात्र चालली. बुंदीला कपाळ दिसत नसावं.

श्रीनाथनं तिला सगळीकडून कापलं, पण एका जागी गाडं अडलं. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे साहेब, पंगतीला बसलेले, भुजंगराव त्यांना आग्रह करताहेत आणि दोघांच्या मधोमध अयोध्या बुंदीची परात घेऊन उभी. साहेबांना कापणं म्हणजे लग्नच कापणं. एकेक चित्र घेऊन तिला पुसत बसायचं तर दिवसच्या दिवस गेले असते, आणि श्रीनाथचं कष्टाशी पहिल्यापासूनच वाकडं. त्यानं सरळ उजेडाचा लोट तिच्यावर ओतला. जाईल धुक्यात, कोण बघतंय? परात कलंडली तिथून पुढचा तुकडा तोडला, वरून सनई टाकली आणि कॅसेट देऊन टाकली.

इथं गड्याची अक्कल उघडी पडली. ही युक्ती काळ्याला फारसं काही करत नाही. मुळात जे पांढरं, तेच ती पेटवते. साहेब सावळे, भुजंगरावांचा कोट काळा, आणि अयोध्याची फिकी साडी तर धुऊन धुऊन पांढरी झालेली. त्या अख्ख्या पंगतीत ती एकटी उजळली. तिच्यापुढं साहेब म्हणजे कुणीतरी विसरून गेलेलं गाठोडं वाटत होते. कपाळावरचं कुंकू तर त्या लोटात सगळ्याच बायकांचं गेलं होतं. कुणाचं आहे आणि कुणाचं नाही, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

कॅसेट नांदेडला गेली. देविकाच्या सासरी गल्ली जमवून ती लावली गेली. शेजारच्या रुक्मिणबाईही आल्या, सोबत त्यांचा लेक भारत. तो लातूरलाच एका क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि सुट्टीला घरी आला होता. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. तेव्हापासून आईनं दाखवलेल्या प्रत्येक मुलीला तो नको म्हणत आला होता. पंगत आली तसा तो पुढं सरकून बसला आणि ही कोण म्हणून त्यानं विचारलं. देविका भुजंगरावांची लेक असली तरी डोकं तिला आईचं मिळालं होतं. आमची अयोध्याताई, एवढंच सांगून ती चहा टाकायला आत निघून गेली. आठवड्यात भुजंगरावांकडं निरोप आला, की पोरगी बघायला येतो.

भुजंगराव श्रीनाथच्या खोलीत आले ते तापलेल्या तव्यासारखे. पुसायला सांगितलेली बाई समई करून ठेवलीस, आता लोक दारात येताहेत, असं बरंच काही बोलले. श्रीनाथनं मान खाली घालून ऐकून घेतलं. स्थळाला सरळ नाही म्हणून का सांगत नाही, असं मात्र त्यानं भाबडेपणानं विचारलं. भुजंगरावांनी मनात हिशेब केला. आपण नाही म्हटलं तर लोक म्हणणार, फुकटची मोलकरीण जाईल म्हणून काका अडवतोय. लोकांनी तसं म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं, कारण ते खरं होतं. तेव्हा ठरलं असं, की श्रीनाथनं मूळ कॅसेट घेऊन यायची. पाहुण्यांना मोकळं कपाळ दिसलं की ते आपसूक उठून जातील, म्हणजे पाप त्यांचं आणि आपले फक्त चहापोहे.

श्रीनाथ कॅसेट जुळवताना आवाज बंद ठेवायचा. वर सनईच टाकायची, मग कशाला ऐका? त्या दिवशी त्यानं मूळ कॅसेटमधली पंगत पहिल्यांदा आवाजासकट लावली. भुजंगराव पंगतीत काय बोलले होते, ते त्याला आता कळलं. ते त्यानंच तोडून सनईखाली गाडलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. पोरीला पुसायचं काम आपण दोघांनी मिळून केलं, काकानं हातानं आणि आपण मशीननं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं हातातला वडापाव बाजूला ठेवला.

पाहुणे आले. भुजंगरावांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, पोहे दिले. ते केले होते अयोध्यानं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. श्रीनाथनं कॅसेट लावली. यात तेज नव्हतं, धुकं नव्हतं. बुंदीच्या परातीखाली वाकलेली अयोध्या, गळ्यावरून ओघळणारा घाम आणि मोकळं कपाळ. रुक्मिणबाईंचा पोह्याचा चमचा थांबला.

"बगितलं ना?" भुजंगराव म्हणाले. "आमच्या नशिबाचं हे असं हाय. तुमाला आधी कुणी सांगितलं न्हाई, आमचा काय विलाज? बंद कर रे."

श्रीनाथनं रिमोट उचलला, नीट छताकडं धरला आणि दाबत राहिला. सेल गेलेत, म्हणाला. टीव्हीत काळ्या कोटाचा हात आला, त्यानं अयोध्याचा दंड धरून तिला मागं खेचलं. परात कलंडली. आवाज खणखणीत होता.

"मागं सर. कॅमेरा हाय, दिसत न्हाई का? पांढऱ्या पायाची, साहेबाच्या पानावर सावली पाडून राहिली."

टीव्हीतली अयोध्या खाली बसून बुंदी गोळा करत होती. मग उठली, पदरानं तोंड पुसलं आणि पुढच्या पानाला वाढू लागली. भुजंगराव स्वतःच उठले आणि टीव्हीचं बटण बंद करून आले, पण आता बंद करून उपयोग नव्हता.

रुक्मिणबाईंनी बशी खाली ठेवली. "कपाळाचं काय घेऊन बसलात?" त्या म्हणाल्या. "माजं तरी कुठं भरलेलं हाय? पंधरा वर्सं झाली. माज्या हातचं खाऊनच ह्यो मास्तर झाला."

भारत उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. काकांना ओलांडून पाहुण्यानं थेट पोरीशी बोलावं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. त्यानं तिला विचारलं, की तुमचं काय म्हणणं आहे.

अयोध्यानं हात पदराला पुसले. "तुमी चमकणारी बघून आलात. ती मी न्हाई."

"आलो ती बघून, खरंय," भारत म्हणाला. "पण विचारून राहिलो ते तुमाला."

आठ वर्षांत तिला भाजीत मीठ किती टाकू याच्यापलीकडं कुणी काही विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरले, पण ती खाली बघेना. "हाव, चालंल मला," ती म्हणाली.

भुजंगराव खाकरले. असं घाईनं ठरत नसतं, घरात बसून विचार करू आणि मग सावकाश कळवू, असं ते पाहुण्यांना समजावू लागले.

"घरानं सावकाश कळवावं, काका," अयोध्या दारातून पुढं येत म्हणाली. "मी माजं कळवलंय."

आणि ती रुक्मिणबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. त्या बैठकीत ती पहिल्यांदाच बसत होती.