विलापाशेजारचं कोरं पान

मी एक जुनी डमी आहे, मित्रांनो. डमी म्हणजे पुस्तक छापण्याआधी बांधतात ती एकुलती एक नमुना प्रत. वय माझं अवघं दोन वर्षं, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं.

माझा जन्म अकोल्यातला, मे महिन्यातला. ऊन असं, की बाइंडिंगचा डिंक वाटीतल्या वाटीत उकळायचा, अन् बायबलच्या वचनांचे आकडे पानावरून उठून पंख्याखाली जाऊन बसायचे. खोटं वाटतं? उघडून पाहा, माझ्यात एकही आकडा नाही. प्रियदर्शनी म्हणेल की गोष्टीसारखं सलग वाचता यावं म्हणून ते तिनंच काढले. म्हणू द्या.

ही प्रियदर्शनी माझी आखणी करणारी. अमरावतीच्या एका मंडळानं तिला काम दिलं होतं : चर्चमध्ये न येणाऱ्या, तयार उत्तरं न मानणाऱ्या आजच्या माणसांसाठी मननाचं बायबल सजवायचं. मंडळ त्यांना 'उत्तराधुनिक वाचक' म्हणायचं. प्रियदर्शनीसाठी तो वाचक म्हणजे तिचा थोरला भाऊ अमोल, मूर्तिजापूरला पंखे-कूलर दुरुस्त करणारा. त्याची लहानगी चंदा तापानं गेली, तेव्हा कबरीपाशीच लोकांनी त्याला देवाची योजना समजावून सांगितली. त्या दिवसापासून त्यानं चर्च सोडलं अन् बायबलही.

म्हणून तिनं माझ्यात विलापाच्या स्तोत्राशेजारचं पान कोरं ठेवलं. बाकी सगळीकडे उतारे, प्रश्न, नक्षी. तिथं काहीच नाही.

मला घेऊन ती त्याच्या दुकानात गेली. अमोलनं काळ्या बोटांनी पानं उलटली अन् तिथं थांबला.

"इथं काही छापलं नाही काय वं?"

"नाही, दादा."

"कावून?"

"मले काही सुचलंच नाही."

तो शेजारचं स्तोत्र वाचत राहिला. एक गिऱ्हाईक कूलरसाठी ओरडून ओरडून निघून गेलं. मग तो म्हणाला, "हे राहू दे माह्याजवळ."

"डमी आहे, दादा. मंडळाले दाखवा लागते. छापून आलं की पयलं तुलेच."

मंडळाचे प्रमुख शांतवन गुरुजी. त्यांनी मला असं उलटंपालटं केलं, की माझी शिवण आजही दुखते.

"आकडे नाहीत? मंग मी चर्चमंदी वचन सांगीन अन् लोक काय पान शोधत बसतीन?"

"गुरुजी, हे चर्चमध्ये न येणाऱ्यांसाठी आहे."

"अन् हे पान? छापाले विसरली काय, पोरी?"

"नाही, गुरुजी. मुद्दाम सोडलं."

"कोऱ्या कागदावर काय मनन करंन मानूस? काही तरी गोड टाक. आजकालच्या लोकाइले चित्रं लागते."

छापील आवृत्तीत आकडे परत आले, अन् त्या पानावर सूर्य उगवला. खाली ओळ : 'सगळं भल्यासाठीच घडतं.' त्याखाली 'आज मला कसं वाटलं?' आणि खूण करायला तीन गोल चेहरे. तिन्ही हसरे. प्रकाशन झालं, प्रियदर्शनीला शाल मिळाली, तिच्या नव्या दृष्टीचं भाषणात कौतुक झालं.

काही दिवसांनी ती गुरुजींकडे आली. शाल नव्हती अंगावर.

"दादानं ते पान उघडलं, मिटलं, अन् पुस्तक माह्या पिशवीत परत टाकलं. गुरुजी, ती डमी तरी द्या त्याले."

"चुकीची प्रत बाहेर गेली, तं लोक म्हनतीन मंडळाले उत्तर माहीत नाही," असं म्हणून गुरुजींनी मला कपाटात टाकलं अन् कुलूप लावलं.

मित्रांनो, या कपाटाला वाळवी लागली आहे. माझ्यातल्या वंशावळी तिनं चाखून सोडून दिल्या, चव नाही म्हणे. आता ती स्तोत्रांकडे निघाली आहे. तुम्हाला एवढंच सांगते, अन् सांगते कोण, तर एक नापास झालेली प्रत : ज्याचं लेकरू गेलं त्याला समजवायला जाऊ नका. शेजारी बसा अन् तोंड मिटून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाचा गुरुजींशी घरोबा असेल, तर किल्ली मागून पाहा. अमरावतीहून मूर्तिजापूर काही लांब नाही.